फोमची गादी : सुरक्षितता आणि प्रमाणपत्रांची पारख

कापसाची गादी उसवून आतील कापूस पाहता येतो. फोमच्या गादीत कोणते घटक आहेत हे मात्र ग्राहकाला डोळ्यांनी कळत नाही. त्याला लेबलावरच विसंबावे लागते. म्हणून कोणते लेबल नेमकी कशाची हमी देते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

पॉलियुरेथेन फोम पॉलिऑल आणि डायआयसोसायनेट यांच्या अभिक्रियेतून तयार होतो. डायआयसोसायनेट श्वसनसंस्थेस घातक असल्याने त्याचा मुख्य धोका कारखान्यातील कामगारांना असतो. अभिक्रिया पूर्ण झालेल्या फोममध्ये ते जवळजवळ उरत नाही. नव्या गादीचा वास प्रामुख्याने बाष्पनशील सेंद्रिय संयुगांमुळे येतो. हवेशीर खोलीत तो सहसा काही दिवसांत ओसरतो. अधिक चिंतेचा विषय आहे तो काही ज्वालारोधक रसायनांचा. फोममध्ये पूर्वी वापरले जाणारे व्यापारी पेंटाब्रोमोडायफिनाइल ईथर २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत समाविष्ट झाले. भारतानेही २०२० मध्ये त्यावरील निर्बंधांना मान्यता दिली.

प्रमाणपत्रांची व्याप्ती वेगवेगळी असते. ‘सर्टिपूर-यूएस’ केवळ पॉलियुरेथेन फोमची तपासणी करते; गादीचे आवरण व इतर थर तिच्या कक्षेत येत नाहीत. ‘ओको-टेक्स स्टँडर्ड १००’ कापड व इतर घटकांतील हानिकारक द्रव्ये तपासते. तीन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या वस्तूंसाठी त्याचे निकष सर्वांत कडक आहेत. सेंद्रिय लेटेक्ससाठी ‘ग्लोबल ऑरगॅनिक लेटेक्स स्टँडर्ड’ आहे. भारतीय मानक ब्यूरोनेही घरगुती गाद्यांच्या पॉलियुरेथेन फोमसाठी स्वतंत्र मानक ठरविले आहे. उत्पादनावर आयएसआय चिन्ह असल्यास त्यासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. ‘नैसर्गिक’, ‘विषमुक्त’ हे शब्द म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. फोमची घनता टिकाऊपणाचा अंदाज देते, सुरक्षिततेचा नव्हे.

खरेदी करताना ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत : प्रमाणपत्र संपूर्ण गादीचे की एका थराचे? त्याचा क्रमांक व मुदत कोणती? ज्वालारोधक वापरले असल्यास कोणते? पावती जपून ठेवावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक गोष्ट मात्र कोणतेही रासायनिक प्रमाणपत्र सांगत नाही. तान्ह्या बाळाला मऊ, खोल दबणाऱ्या फोमवर निजविल्यास गुदमरण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी घट्ट व सपाट बिछानाच योग्य होय.