कानाची मशीन आणि सरकारी कार्ड

उमरीच्या बाजारात म्हातारी मंडळी आम्हाला विचारतात, "गुरुजी, पाच लाखांचं कार्ड काढलं. आता कानाची मशीन मिळंल का?"

नाही मिळत. २०२४ पासून आयुष्मान कार्ड ७० वर्षे व त्यापुढच्या सर्वांना आहे. त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत इलाज होतो. पण दवाखान्यात भरती झाले तरच.

मशीनसाठी दार वेगळे. त्याचे नाव मुख्यमंत्री वयोश्री योजना. महाराष्ट्र सरकारने ती २०२४ साली काढली. वय ६५ पुरे पाहिजे. घरचे उत्पन्न वर्षाला २ लाखांच्या आत पाहिजे. अर्ज समाजकल्याण खात्याकडे करावा. मंजूर झाल्यावर बँकेच्या खात्यात ३००० रुपये एकदाच येतात. त्यातून चष्मा, काठी किंवा कानाची मशीन घ्यावी. पावती जपून ठेवावी, ती दाखवावी लागते. भारी मशीनला मात्र पदरचे पैसे घालावे लागतात.

पण आधी कान तपासा. मळ दाटला तरी ऐकू येत नाही. मळ काढला की कधी कधी मशीन लागतच नाही. कानात काडी घालू नका. पडद्याला इजा होते.

तपासताना कानाला टोप लावतात. लहानमोठे आवाज ऐकवतात. ऐकू आला की खूण करायची. त्यावरून कागदावर आलेख निघतो. त्याप्रमाणे मशीन लावतात. फेरीवाल्याची मशीन सगळेच मोठे करते. सुनेचे बोलणे मोठे, भांड्यांचा आवाजही मोठा! मग ती फडताळात पडते.

नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. उमरीहून रेल्वेने जाता येते. बरोबर घरचे एक माणूस न्या. डॉक्टर सांगतील त्यातले निम्मे तुम्हाला ऐकूच येणार नाही.