लसींची शीतपेटी आणि प्रशीतकाचा दाब

लसीकरणाचे यश जसे लसींच्या पुरवठ्यावर अवलंबून असते, तसेच त्या योग्य तपमानात टिकविण्यावरही असते. भारतात १९७८ साली विस्तारित आणि १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतपेटी हा या कार्यक्रमाचा कणा ठरला आहे. 'आय.एल.आर.' या नावाने परिचित असलेल्या या पेटीत लसी अधिक २ ते अधिक ८ अंश सेल्सिअस तपमानात ठेवावयाच्या असतात. पेटीच्या भिंतींत बर्फाचे अस्तर असल्याने चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी आतील गारवा टिकून राहतो.

मात्र या गुणामुळेच एक धोका संभवतो. यंत्रणेत बिघाड सुरू झाला तरी बर्फाचे अस्तर काही काळ तपमान सांभाळून धरते. तापमापी धोका दर्शवू लागते तेव्हा बिघाड बराच पुढे गेलेला असतो. म्हणून शीतपेटीचे कार्य कसे चालते, याची ओळख केवळ तंत्रज्ञालाच नव्हे, तर केंद्राशी संबंध येणाऱ्या प्रत्येकास असणे हिताचे आहे.

कार्य कसे चालते?

शीतपेटीतील नळ्यांमधून प्रशीतक, म्हणजे बोलीभाषेतील 'गॅस', सतत फिरत असतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून कंडेन्सरमध्ये ढकलतो. तेथे तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. पुढे ड्रायर त्यातील ओलावा व कचरा शोषून घेतो. त्यानंतर तो केसासारख्या बारीक छिद्राच्या कॅपिलरी नळीतून जातो. तेथे त्याचा दाब एकदम उतरतो आणि पेटीच्या भिंतींतील नळ्यांत तो उकळू लागतो. उकळण्यास लागणारी उष्णता तो पेटीच्या आतून ओढून घेतो. हाच गारवा होय.

दाब आणि तपमान यांचे नाते येथे महत्त्वाचे आहे. अनेक पेट्यांत वापरला गेलेला आर-१३४ए हा प्रशीतक वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांस उकळतो. पण ५० अंश तपमानाला त्याचा द्रव होण्यासाठी वातावरणाच्या सुमारे १३ पट दाब लागतो. म्हणूनच चोषण व निःसारण या दोन्ही बाजूंचे दाब पाहून जाणकार तंत्रज्ञ बिघाडाचे निदान करतो.

दाबावरून निदान

दोन्ही बाजूंचे दाब कमी असतील, कॉम्प्रेसर थांबत नसेल आणि भिंतीचा काही भागच गार होत असेल, तर गॅस गळत असल्याचा संशय घ्यावा. सांध्याजवळ तेलाचा डाग दिसणे, ही त्याची खूण होय.

चोषण बाजूचा दाब फारच उतरलेला असेल आणि कॉम्प्रेसर बंद केल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान होण्यास नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागत असेल, तर कॅपिलरी किंवा ड्रायर तुंबला आहे. तुंबलेला ड्रायर लगतच्या नळीपेक्षा गार लागतो. पेटी काही वेळ नीट चालून मध्येच गारवा थांबत असेल व थोडी विश्रांती मिळताच पुन्हा चालू लागत असेल, तर नळीत शिरलेला ओलावा कॅपिलरीच्या तोंडाशी गोठत असल्याचे समजावे.

दोन्ही दाब वाढलेले असतील, तर कंडेन्सरवर धूळ साचली आहे, हवा खेळत नाही किंवा गॅस जादा भरला गेला आहे. चोषण बाजूचा दाब जास्त आणि निःसारणाचा कमी, असे उलट चित्र दिसल्यास कॉम्प्रेसरची झीज झाली आहे.

गळती आणि तुंबणे या दोहोंत चोषण बाजूचा दाब उतरतो, हे ध्यानात ठेवावयास हवे. फरक न ओळखता केवळ 'गॅस भरून' घेतल्यास गळती कायम राहते. तुंबलेल्या यंत्रणेत तर कॉम्प्रेसरवरील ताण वाढतो. योग्य पद्धत म्हणजे साबणाच्या फेसाने गळती शोधणे, सांधा जोडणे, ड्रायर बदलणे, नळ्या निर्वात करणे आणि पेटीवरील पट्टीत दिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरणे. नव्या पेट्यांतील आर-६००ए हा गॅस ज्वालाग्राही आहे. त्या पेटीजवळ ज्योत नेण्यापूर्वी गॅस मोकळ्या हवेत सुरक्षितपणे काढणे अत्यावश्यक आहे. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच आहे.

केंद्राने काय करावे?

नळी न उघडताही पुष्कळ काही करता येते. पेटी भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर दूर, सपाट जागी आणि उन्हापासून लांब ठेवावी. कंडेन्सरवरील धूळ वीज बंद करून वरचेवर झाडावी. आतील बर्फाचा थर ५ मिलिमीटरहून जाड झाल्यास तो वितळवावा. व्होल्टेज स्टॅबिलायझरशिवाय पेटी चालवू नये, कारण कमी दाबाच्या विजेवर कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो व बंद पडतो. दिवसातून दोनदा तपमान नोंदवावे आणि त्याबरोबर कॉम्प्रेसर किती वेळ चालतो, याकडेही लक्ष द्यावे. हवामान व वीजपुरवठा तोच असताना कॉम्प्रेसर अधिक वेळ चालू लागला, तर तापमापीने इशारा देण्याची वाट न पाहता तंत्रज्ञास कळवावे व लसी दुसऱ्या पेटीत हलविण्याची तयारी ठेवावी.

उष्णतेने बिघडलेली लस कुपीवरील निदर्शकाच्या रंगावरून ओळखता येते. गोठल्याने निकामी झालेली कावीळ-ब किंवा पंचगुणी लस मात्र हा निदर्शक दाखवीत नाही. म्हणून या लसी पेटीच्या तळाशी न ठेवता वरच्या टोपलीत ठेवाव्यात.

केंद्राची वीजजोडणी, अर्थिंग, गळके छप्पर आणि वीज खंडित असतानाची पर्यायी सोय हे विषय ग्रामपंचायतीच्या व पंचायत समितीच्या सभेत येऊ शकतात आणि यावयास हवेत. निकामी लस टोचलेल्या बालकाची नोंद पत्रकात 'लसीकरण पूर्ण' अशीच होते. त्याला संरक्षण मिळालेले नाही, हे मात्र रोग उद्भवल्यावरच कळते. पत्रकातील नोंद आणि बालकाचे संरक्षण यांतील हे अंतर टाळणे, हाच शीतपेटीच्या देखभालीचा खरा हेतू होय.