अवटू ग्रंथीचा कर्करोग : दोन प्रश्न

जवाहरनगरच्या आमच्या वर्गात मी अर्धायुष्यकाल शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. कर्करोगामुळे तिच्या मावशीची अवटू (थायरॉइड) ग्रंथी काढली होती व आता किरणोत्सारी आयोडीन द्यावयाचे होते. तिने विचारले, "सर, रोग उलटेल का? मावशी वाचेल ना?"

हे प्रश्न एकच वाटतात; पण ते दोन आहेत.

गाठ चार सेंटिमीटरहून मोठी असेल, ग्रंथीबाहेर किंवा रक्तवाहिन्यांत शिरली असेल, मानेतील अनेक लसीका ग्रंथींत पोचली असेल, तर रोग उलटण्याचा संभव वाढतो. जगण्यावाचण्याच्या प्रश्नात मात्र पेशींचा प्रकार, वय आणि फुप्फुसे वा हाडांपर्यंतचा प्रसार यांना अधिक महत्त्व असते. पॅपिलरी व फॉलिक्युलर हे प्रकार बहुधा संथ. अ‍ॅनाप्लास्टिक अतिशय घातक. संथ प्रकारांत ५५ वर्षे ही वयाची सीमारेषा मानतात. लहान मुलांत हा रोग मानेत लवकर पसरतो, उलटतोही. तरी बहुतेक मुले वाचतात!

आता आयोडीन-१३१ कडे वळू. अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. तिच्या उरलेल्या पेशी, कर्कपेशीसुद्धा, पुष्कळदा तेच करतात. आतून निघणारे बीटा कण फार तर दोन-तीन मिलिमीटर जातात व जवळच्या पेशी मारतात. गॅमा किरण शरीराबाहेर येतात. त्यांवरून रोग कोठे आहे ते दिसते. आपल्याकडे हे आयोडीन तुर्भे येथील अणुभट्टीत तयार होते आणि परळचे किरणोत्सार वैद्यक केंद्र १९६३ पासून अशा रुग्णांवर उपचार करीत आले आहे.

हेच आयोडीन १९८६ साली चेर्नोबिल येथून हवेत, गवतात व दुधात उतरले आणि पुढे अनेक मुलांना हाच कर्करोग झाला. कमी मात्रेने पेशी मरत नाही, पण तिची जनुके बिघडू शकतात. मोठ्या मात्रेने पेशीच मरते.

मी तिला म्हटले, "मावशीच्या तपासणी-अहवालात प्रकार, आकार व प्रसार लिहिलेला असेल, तो डॉक्टरांकडून समजावून घे. रोज थायरॉक्सिनची गोळी आणि ठरलेल्या वेळी थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी चुकवू नका. कारण हा रोग वीस वर्षांनीही उलटू शकतो."

जाता जाता एक गणित : आयोडीन-१३१ चा अर्धायुष्यकाल सुमारे आठ दिवस. ८० दिवसांनी कितवा हिस्सा उरेल? (उत्तर : १/१०२४)