ऊर्जा नष्ट होत नाही, मग वाचवायची कशाला?



शाळेत मुलं ऊर्जा अक्षय्यतेचा नियम शिकतात. ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्टही करता येत नाही, तिचं फक्त रूपांतर होतं. त्याच मुलांना आपण घरी ओरडतो, "पंखा बंद कर, वीज वाया जातेय!" मग एखादं चौकस मूल विचारतं, नष्टच होत नाही तर वाया कशी जाते? हा प्रश्न उडवून लावू नका. सगळा धडा याच प्रश्नात आहे.

साठवण
15 लीटर पाण्याची बादली 10 मीटर उंच, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावर नेली, की त्या पाण्यात स्थितिज ऊर्जा साठते. बादलीचं वजन सोडून हिशोब करू: 15 × 10 × 10 = 1500 ज्यूल. (गुरुत्व त्वरण सोयीसाठी 10 धरलं आहे.) विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे अशा 2400 बादल्या वर चढवाव्यात, तेव्हा एक युनिट होतं! फळ्यावर हे गणित मांडा. बिलावरचा आकडा मुलांना एकदम जड वाटायला लागतो.

रूपांतर
रबरी चेंडू एक मीटरवरून सोडा. खाली येताना स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, उसळी घेताना पुन्हा उलट. पण चेंडू एक मीटरपर्यंत परत येत नाही. प्रत्येक उसळीची उंची मुलांना पट्टीने मोजायला लावा. कमी झालेली ऊर्जा गेली कुठे? थोडी आवाजात, बाकीची चेंडू, जमीन आणि हवा किंचित गरम करण्यात. हिशोबात एक ज्यूलही हरवला नाही.

मग वाया काय गेलं?
घागरभर पाणी अंगणात सांडलं, तर पाणी नष्ट झालं का? नाही. पण ते आता पिता येईल का? तेही नाही. ऊर्जेचं तसंच आहे. ती उष्णता होऊन आजूबाजूला पसरली, की असते सगळी, पण गोळा करून कामाला लावणं जवळजवळ अशक्य होतं. "वाया जाणं" म्हणजे नाहीसं होणं नव्हे, निरुपयोगी रूपात पसरणं. मुलांना एवढं एक वाक्य कळलं तरी पुरे.

रिकाम्या खोलीतला पंखा घ्या. पुष्कळ मुलांना वाटतं, पंखा खोली थंड करतो. खरं तर वाऱ्याने आपला घाम लवकर सुकतो, म्हणून आपल्याला गार वाटतं. खोलीत कुणी नसेल तर 75 वॅटचा पंखा घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. खोली थंड होत नाही, उलट किंचित तापते! असे सव्वातेरा तास चालला की जवळपास एक युनिट खर्च.

आता आणखी एक पायरी मागे जा. चंद्रपूर किंवा कोराडीसारख्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच वीज बनते. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते. म्हणजे घरात एक युनिट वाचलं, की तिकडे साधारण तीन युनिटांइतकी कोळशातली ऊर्जा वाचते. आणि जळलेला कोळसा परत मिळत नाही.

घरी करून बघा
वर नेलेलं तेच 15 लीटर पाणी आंघोळीसाठी 20 अंशांनी तापवायला किती ऊर्जा लागेल? 15 × 4200 × 20 = 12,60,000 ज्यूल. वर चढवण्याच्या 840 पट! आता मुलांनाच ठरवू द्या, घरात ऊर्जा वाचवायची सुरुवात पंख्यापासून करायची की गीझरपासून.