स्वतः चालणारी मोटार : स्टिअरिंग अजून कोणाच्या हाती?



रडारचा पाठ घेतला की वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, नव्या इलेक्ट्रिक गाड्या आपोआप चालतात म्हणे, खरं का?" तुमच्यापैकी अनेकांचे पालक सुट्टीत तुम्हाला न्यायला गाडीनेच येतात. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि २७, म्हणजे देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन मोठे रस्ते, आपल्या झाशीजवळच एकमेकांना छेदतात. तेव्हा हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. त्याचे उत्तर पायरीपायरीने पाहू.

सहा पातळ्या

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवल्या. शून्यावर गाडी फार तर इशारा देते किंवा क्षणभर ब्रेक लावते. पहिलीवर ती वेग किंवा स्टिअरिंग यांपैकी एक सांभाळते. दुसरीवर दोन्ही सांभाळते, पण चालकाने सतत रस्त्याकडे पाहायचे असते. तिसरीवर ठरावीक परिस्थितीत गाडीच रस्ता पाहते, मात्र तिने बोलावले की चालकाने ताबा घ्यायचा. चौथीवर ठरावीक हद्दीत चालक लागत नाही आणि पाचवीवर कुठेच लागत नाही. आपल्याकडच्या जाहिरातींत 'एडास' म्हणून जे दाखवतात, ते पहिल्या-दुसऱ्या पातळीचे काम आहे. 'दोन अधिक' असे लिहिले असले तरी पाहण्याची जबाबदारी चालकाचीच.

डोळे आणि मेंदू

पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सादर झाल्या. त्यांच्या सर्वांत वरच्या प्रकारात पाच रडार आणि पुढे पाहणारा कॅमेरा आहे. खालच्या प्रकारांत हे डोळे कमी आहेत किंवा मुळीच नाहीत. म्हणजे नाव एकच असले तरी दोन गाड्यांची नजर सारखी नसते.

रडार सुमारे ७७ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. त्यांची लांबी चार मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी असते. परतलेल्या लहरीवरून समोरच्या वस्तूचे अंतर आणि वेग कळतो, धुके असो वा अंधार. मग अडचण कुठे? पूल, कठडे, पाट्या यांच्यावरूनही लहरी परत येतात. या सर्व वस्तू स्थिर असतात. प्रत्येकीसाठी ब्रेक लावला तर गाडी पुढेच जाणार नाही, म्हणून अनेक प्रणाली स्थिर वस्तूंच्या संकेतांना कमी महत्त्व देतात. रात्री मागचे दिवे न लावता रस्त्याकडेला उभा केलेला ट्रक नेमका याच फटीत सापडतो. कॅमेऱ्याला रंग आणि आकार कळतात, पण त्याला उजेड लागतो.

हवेतून काय येते, काय येत नाही

नव्या गाड्यांची आज्ञावली मोबाइलसारखी इंटरनेटवरून सुधारता येते. ब्रेक कधी लावायचा, पट्टा कसा ओळखायचा, हे रातोरात बदलू शकते. पण नसलेले रडार हवेतून येत नाही आणि अपुरा संगणकही वाढत नाही.

टेस्लाचा इतिहास इथे अभ्यासण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने जाहीर केले, की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनासाठी लागणारी यंत्रसामग्री असेल. २०१९ मध्ये नवा संगणक आला, २०२३ मध्ये त्याच्याही पुढचा. जानेवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनीच मान्य केले, की ज्यांनी ही सोय विकत घेतली आहे त्यांच्या २०१९च्या पिढीचा संगणक बदलावा लागेल. १५ जुलै २०२५ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे दालन उघडले, तेव्हा या सोयीची किंमत सहा लाख रुपये सांगितली गेली. भारतात ती तेव्हा चालू मात्र नव्हती. पालकांनी यातून एक नियम घ्यावा: आज गाडीत जे चालते, त्याचेच पैसे मोजावेत. 'पुढे येईल' हे वाक्य किमतीत धरू नये.

रस्त्यावरचे गणित

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २७.८ मीटर. चालक मोबाइलमध्ये गुंतला आहे आणि गाडीने अचानक 'ताबा घ्या' म्हटले. मान वर करून परिस्थिती समजायला दोन सेकंद धरा. तेवढ्यात ५५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर ७ मीटर प्रति सेकंद वर्ग या दराने ब्रेक लागला, तर थांबायला आणखी ५५ मीटर. एकूण ११० मीटर. आता वाटेत म्हशी बसल्या आहेत किंवा उलट्या दिशेने ट्रॅक्टर येतो आहे असे समजा. हे दोन सेकंद कोणतीही आज्ञावली परत देत नाही. डोळे रस्त्यावर असतील तरच ते वाचतात.

लष्कराचा धडा

या विद्येला मोठी चालना लष्करी गरजेतूनच मिळाली. मार्च २००४ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेने मोहावे वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत घेतली. सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही गेली नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पूर्ण केला. प्रगती होते, वेगाने होते. पण त्या वाळवंटात ना शाळेची मुले होती, ना बैलगाड्या.

सैन्यात काम हाताखालच्याला सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. हेच सूत्र इथे लावा. आपला मोटार वाहन कायदा १९८८चा आहे आणि वाहन चालवण्याचा परवाना तो माणसाला देतो. दुसऱ्या पातळीची गाडी हा चांगला सहायक आहे. थकलेल्या चालकाला ती सावरते, चुकलेला पट्टा दाखवते. तिला जरूर वापरा; पण पहाऱ्यावर तुम्हीच आहात हे विसरू नका.

स्वाध्याय

१. वेग ताशी ८० किलोमीटर धरून वरचे गणित पुन्हा सोडवा. एकूण अंतर किती मीटरने घटते?

२. ७७ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी काढा.

३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीची माहितीपुस्तिका वाचा. ती कोणत्या पातळीची आहे आणि 'ही प्रणाली कधी चालणार नाही' याखाली काय लिहिले आहे, ते वहीत उतरवा.