कपाशीवरील मित्रकीटक आणि बीटी वाण

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा व सौसर हा मराठीभाषक प्रदेश ५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा म्हणून अस्तित्वात आला. कापूस व संत्रा ही येथील प्रमुख नगदी पिके होत. येथील पऱ्हाटीवर किडींप्रमाणेच किडींना खाऊन जगणारे कीटकही वास करतात. बीटी वाणांमुळे या कीटकसृष्टीत कोणते बदल घडले, हे शेतकरी, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी या सर्वांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

बीटी म्हणजे काय?

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत आढळणारा एक जिवाणू होय. त्याचे जनुक घातलेल्या संकरित कपाशीस केंद्र शासनाने मार्च २००२ मध्ये मान्यता दिली. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. या जनुकांमुळे झाडातच एक प्रथिन तयार होते. बोंडअळीने झाड कुरतडले की हे प्रथिन तिच्या आतड्यास छिद्रे पाडते व अळी मरते. ढालकिडा, क्रायसोपा व मधमाशी यांच्या आतड्याची घडण निराळी असल्याने त्यांना या प्रथिनाची प्रत्यक्ष बाधा होत नाही, असे प्रयोगांतून दिसून आले आहे.

लाभ व उणीव

मित्रकीटकांचा खरा शत्रू फवारणी हा होय. बोंडअळीसाठीच्या फवारण्या घटल्या, तेथे मित्रकीटकांची वाढ झाली. उत्तर चीनमध्ये १९९० ते २०१० या काळात ३६ ठिकाणी केलेल्या पाहणीत बीटी कपाशीवर ढालकिडे, क्रायसोपा व कोळी वाढल्याचे व मावा घटल्याचे आढळले.

परंतु याच चीनमध्ये, पूर्वी बोंडअळीच्या फवारणीने मरणारे रसशोषक ढेकूण बळावले. बीटी प्रथिनाचा मावा, तुडतुडे, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण यांवर परिणाम होत नाही. त्यांना आवर घालण्याचे काम मित्रकीटकांकडेच राहते. भारतात पिठ्या ढेकणाचा उपद्रव झाला, तेव्हा त्याच्या शरीरात अंडी घालणाऱ्या एनॅसिअस या इवल्या कीटकाने त्यास मोठ्या प्रमाणात आळा घातला.

शेंदरी बोंडअळीचा धडा

हिरवी बोंडअळी तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगते. शेंदरी बोंडअळीचा निर्वाह मात्र मुख्यतः कपाशीवरच होतो. सर्वत्र बीटी कपाशीच असेल, तर प्रथिन पचवू शकणाऱ्या मोजक्या अळ्या तेवढ्या वाचतात व त्यांचीच संतती वाढत जाते. हे टाळण्यासाठी भोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. त्यांस शेतकरी रेफ्युजी म्हणतात. तेथील पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पसरण्यास विलंब लागतो. अनेकांनी हे बियाणे पेरलेच नाही. फरदड घेण्याच्या प्रथेनेही अळीस दीर्घकाळ आसरा मिळाला. परिणामी २०१७ च्या हंगामात विदर्भात शेंदरी बोंडअळीने मोठे नुकसान केले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले.

अळीने बीटीचे कवच भेदले की शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळतो. त्यात मित्रकीटक मरतात आणि रसशोषक किडी मोकाट सुटतात. या प्रदेशात ही हानी कपाशीपुरती मर्यादित राहत नाही. ढालकिडा हा संत्र्यावरील मावा व सिट्रस सिला यांचाही भक्षक आहे.

काय करावे?

बिगर-बीटी बियाणे फेकून देऊ नये. ते पाकिटातच मिसळलेले असल्यास निवडून काढू नये. फरदड घेऊ नये. हंगाम संपताच पऱ्हाटी काढून शेत स्वच्छ करावे. शेतात कामगंध सापळे लावावेत. त्यांत सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडल्यास अथवा दहा टक्के फुले व बोंडे किडलेली आढळल्यासच फवारणीचा विचार करावा. पहिले दोन-तीन महिने तीव्र कीटकनाशके टाळावीत.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा, फवारणी न झालेल्या शेतात नेऊन वीस झाडांवरील मित्रकीटक व किडी मोजण्यास सांगावे आणि हे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावेत. फवारणीची वेळ खरोखर आली आहे काय, याचा निर्णय गावाला या आकड्यांवरून घेता येईल.