विमानात सणाचं जेवण

मुलांनो, जपानमध्ये ख्रिसमसला काय खातात? तळलेलं चिकन! ख्रिश्चन तिथं फार थोडे, पण 1974 साली केएफसीने 'ख्रिसमसला केंटकी' अशी जाहिरात केली आणि रीतच पडून गेली. लोक आधीच नोंदणी करून ठेवतात.

डिसेंबर 2012 मध्ये जपान एअरलाइन्सने हेच चिकन विमानात वाढायला घेतलं. सणासुदीला घराबाहेर असणाऱ्याला ओळखीचा घास मिळतो, कल्पना छानच! पण विमानात कढई नसते ना. जेवण जमिनीवर शिजतं, थंड करतात, वर नुसतं गरम होतं. तळणाचा कुरकुरीतपणा इथंच जातो. शिवाय केबिनमधला हवेचा दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढाच, आणि हवा फार कोरडी. नाक सुकतं, वास कमी येतो, मीठ-साखर फिकी लागते. सर्दीत आमटी कशी लागते, आठवा!

आता आपलं ताट घ्या. पुरणपोळी पुन्हा गरम केली तरी चालते; गूळ थोडा जास्त घालावा. उकडीचा मोदक मात्र अवघड, कारण थंडीत तांदळाची पारी कडक होते. तुमच्या घरच्या सणाचा कोणता पदार्थ विमानात टिकेल? कारणासह वहीत लिहा.